भिकन भोईच्या नावेचा धूर

टेंभथडीचा भिकन भोई सकाळी उठला की चूळ भरायच्या आधी तापीकडं बघायचा. पाण्याला तांबूस झाक आली असली, की वर पांझरा नदीला पूर आलाय हे त्याला कळायचं. काठाला फेस धरला तर दुपारपर्यंत पाणी चढणार. मधल्या खडकाजवळ पाणी काळंभोर आणि गुळगुळीत दिसलं तर तिथं भोवरा आहे, नाव बरीच खालून न्यायची. हे सगळं त्याला बापानं शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापानं. शिरपूरच्या खालच्या अंगाला, तापीच्या दक्षिण काठावर टेंभथडी आणि समोर उत्तर काठावर बोरखेडं. या दोन गावांमधली नाव पिढ्यान्पिढ्या याच घराकडं होती. नाव सागाची, रुंद बुडाची. मधोमध डोलकाठी आणि तिच्यावर ठिगळं लावलेलं जाड शीड. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की शीड चढवायचं, वारा पडला की वल्ही मारायची, उथळ पाण्यात बांबू टेकायचा. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

एकोणीसशे एकोणसत्तर साली त्या नावेत इंजिन बसलं. पारसमलशेठ या मारवाडी व्यापाऱ्याचं जिनिंग दक्षिण काठावर, सडकेला लागून होतं. सातपुड्याच्या पायथ्याचा कापूस गाड्यांनी बोरखेड्यापर्यंत यायचा आणि वारा नसला की तिथंच अडून बसायचा. शेठनं विहिरीवर बसवतात तसलं एक डिझेल इंजिन आणलं आणि शिरपूरचा रतिलाल मिस्त्री बोलावला. रतिलाल मूळचा गुजरातेतला, उंच, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल खोचलेला माणूस. त्यानं नावेच्या मागच्या भागात इंजिन घट्ट बसवलं, पाण्याखाली दांडा सोडला, दांड्याच्या टोकाला पंखा लावला आणि भिकनला हँडल मारायला शिकवलं.

पहिलं वर्ष दृष्ट लागण्यासारखं गेलं. इंजिन टक्‌टक् करत नाव पल्याड न्यायचं. सकाळच्या गारठ्यात सुरुवातीला थोडा पांढरा धूर यायचा, मग तोही दिसेनासा व्हायचा. भिकन नावेच्या टोकाला सुकाणू धरून उभा राहायचा आणि काठावरची माणसं म्हणायची, "भिकनभाऊ आते ड्रायव्हर व्हई गया!" त्याला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या तोंडाला पंखा खडकावर आपटला आणि त्याचं एक पातं तुटलं. भिकनचा मुलगा सुपडू तेव्हा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता. त्याला निरोप गेला. सुटीला येताना तो एसटीच्या टपावर नवा पंखा घालून घेऊन आला. पितळी, लखलखीत, जुन्यापेक्षा अंगानं चांगला थोराड. भागाबाईनं, म्हणजे भिकनच्या बायकोनं, पंख्याला हळदकुंकू लावलं. भिकननं दहा जणांना तो हात लावून बघायला दिला. पोरगं गिरणीतलं काम सोडून बापासाठी बाजार हिंडलं, याचंच त्याला कौतुक.

त्या पावसाळ्यात एका बाईच्या लुगड्याचा पदर इंजिनाच्या चाकात जाता जाता वाचला. भिकननं दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून पत्र्याची पेटी करून घेतली आणि सगळं इंजिन त्यात झाकून टाकलं. वर पाऊसही लागायला नको, खाली कुणाचा हातही जायला नको. आणि रोज सकाळी, बैलाला ढेप चारावी तसं, तो इंजिनात पळीभर ऑइल ओतायचा. रतिलालनं सांगितलं होतं, ऑइल कमी पडू देऊ नका. मग कमी पडू द्यायचंच कशाला?

धूर नेमका कधी सुरू झाला हे भिकनला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. पावसाळ्यात अधूनमधून काळसर झाक दिसायची, पण वाऱ्यात विरून जायची. दसरा झाला, वारा पडला, शीड गुंडाळून ठेवलं, आणि धूर एकदम डोळ्यांत भरला. नाव काठ सोडून प्रवाहात शिरली की धुराच्या नळीतून काळे लोट निघायचे. सकाळी तोच पांढरा असायचा. पल्याड जाताना, नाव रिकामी असताना, निळसर. एकाच इंजिनाचे तीन रंग! पाण्याचा रंग बदलला तर त्यामागं एक कारण असतं, आणि ते कारण भिकनला ठाऊक असायचं. या रंगांची कारणं त्याला कुणी शिकवली नव्हती. बापानं इंजिन बघितलंच नव्हतं.

दिवाळीनंतर पारसमलशेठ स्वतः काठावर आले. त्यांच्या हातात कापसाचं बोंड होतं, त्यावर काळे ठिपके.

"भिकनभाऊ, हे काय? कापूस आहे की कोळसा?"

"शेठ, धूर उडस," भिकन म्हणाला.

"उडतो ते दिसतंय. का उडतो?"

भिकननं डोकं खाजवलं. "तेच ते समजत नही ना शेठ."

रतिलाल आला. त्यानं डिझेल फवारणारं नोझल काढून धुतलं, मग बदललंच. फिल्टर साफ केला. डिझेलमध्ये पाणी आहे का ते बाटलीत घेऊन उन्हात धरून बघितलं. उतारूंच्या आणि कापसाच्या अंगावर धूर येऊ नये म्हणून नळीला एक लांब तुकडा जोडला, त्याला दोन वाकणं देऊन तोंड नावेच्या मागं पाण्याकडं काढलं. मग काठालाच, पंखा सोडवून, इंजिन चालू केलं आणि नळीच्या तोंडाशी आपला पांढरा रुमाल धरला. रुमाल जवळजवळ पांढराच राहिला.

"झालं," रतिलाल म्हणाला.

पंखा जोडला, नाव पाण्यात लोटली, पोती भरली. पहिला काळा लोट निघाला तेव्हा रतिलाल काठावर उभा राहून हात पुसत होता. त्याचा हात तिथंच थांबला.

"आता तर साफ होतं," तो म्हणाला.

"काठवर साफ, पाणीमा काळं," भिकन म्हणाला. "हाई काय व्हई राहिनं, रतिलालभाई?"

रतिलालनं कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. "मला विचार करू द्या," म्हणाला आणि सायकलीवर बसून निघून गेला.

मग गावानं विचार केला. कुणी म्हणालं डिझेलमध्ये भेसळ आहे. कुणी म्हणालं तापीचं पाणी जड असतं, इंजिनाला मानवत नाही. एक म्हातारा म्हणाला, इंजिन विहिरीसाठी जन्मलं, त्याला नदी दाखवायलाच नको होती. भिकन प्रत्येकाचं ऐकायचा आणि त्या त्या वेळी त्याला ते पटायचं. भेसळीचं ऐकून त्यानं दुसरीकडून डिझेल आणलं. धूर तसाच. मग त्याला वाटलं, आपणच सुकाणू चुकीचं धरतो की काय? रात्री जेवताना तो भागाबाईला म्हणाला, "गये साल हाईच इंजिन व्हतं, हाईच नदी व्हती, हाऊच मी व्हतू."

भागाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "सुपडूना बाप, तुम्हीन आते खोकतस बी. गये साल खोकत नव्हतात."

शीड काळं पडलं होतं. भागाबाईनं ते राखेनं घासलं, सोड्यानं घासलं. काळं गेलं नाही, करडं झालं.

मार्गशीर्षात टेंभथडीच्याच धनसिंग पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेव बोरखेड्याचा, म्हणजे वऱ्हाड नावेतूनच येणार. भिकननं आदल्या दिवशी नाव धुतली, कठड्याला आंब्याचे डहाळे बांधले. इंजिन चालवावं की वल्ही मारावीत हे त्याला ठरवता येईना. पण नाव भरून माणसं, वाजंत्री, रुखवताच्या पाट्या, आणि वारा औषधाला नाही. वल्ह्यांनी मुहूर्त टळला असता. त्यानं इंजिन चालू केलं.

अर्ध्या नदीपर्यंत सगळं निभावलं. प्रवाहाच्या मधल्या ओढीत नाव खाली वाहवायला लागली तशी भिकननं इंजिनाला जोर दिला. इंजिन घशात काहीतरी अडकल्यासारखं घरघरलं आणि लांबवलेल्या नळीत साचलेली सगळी काजळी एका दमात बाहेर पडली. वारा नव्हता, त्यामुळं ती लांब गेलीच नाही. काळे पापुद्रे वर उडाले आणि सावकाश, शेवरीच्या कापसासारखे, नावेवर उतरले. नवरदेवाच्या पांढऱ्या पोषाखावर, मुंडावळ्यांवर, करवलीच्या पिवळ्या पातळावर. सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली आणि थुंकला.

काठाला लागेपर्यंत माणसं अंगावरची काजळी झटकत राहिली. नाव टेकली तसा नवरदेवाचा बाप पितांबर पाटील उतरला आणि गरजला, "या नावेत शुभकार्याला पाय ठेवला हेच चुकलं! हा अपशकुन आहे. वऱ्हाड माघारी जाईल."

भिकन हात जोडून उभा राहिला. माफी मागायला त्याची ना नव्हती, पण नेमकी कशाची मागायची हे त्याला समजेना. त्यानं नाव धुतली होती, फिल्टर पुसला होता, डिझेल गाळून घातलं होतं. तरी हे झालं. तो नुसता म्हणाला, "दादा, माले समजनं नही... माले समजनं नही."

तेवढ्यात मुलीची आत्या झुंबरबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आली. तिनं नवरदेवाच्या तोंडाकडं बघितलं. एका गालावर काळा ठिपका, हनुवटीवर दुसरा. तिला हसू फुटलं.

"अरे, नवरदेवले तीट लागनी! आते कोनी नजर लागनार नही."

सगळ्यांत आधी नवरदेवच हसला. मग करवली हसली, मग वाजंत्री. पितांबर पाटलाचा राग एकदम उतरला नाही, पण हसणाऱ्या वऱ्हाडाला माघारी नेणं त्यालाही जमेना. धनसिंगनं पुढं होऊन व्याह्याचे हात धरले. नवरदेवानं नदीवरच तोंड धुतलं, कुणाचा तरी सदरा घातला, आणि लग्न लागलं.

पंगतीला भिकन गेला नाही. नावेत बसून राहिला. उन्हं कलताना धनसिंग स्वतः पत्रावळ घेऊन काठावर आला. "भिकनआबा, पोरगी विचारी राहिनी, नाववाला आबा जेवना का?" भिकन जेवला, पण घास कसा लागला हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं इंजिनाला हात लावला नाही. वल्ही काढली. पल्याड कापसाच्या पोत्यांची थप्पी वाढत गेली आणि चार दिवसांनी पारसमलशेठ परत आले.

"इंजिन बंद का ठेवलंय?"

"जे माले समजत नही ते मी चालू करणार नही, शेठ," भिकन म्हणाला. त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. तो दमलेला होता.

शेठनी पल्याडच्या थप्पीकडं बघितलं. मग म्हणाले, "रतिलालला सांगतो. या खेपेला त्याला दिवसभर तुमच्या नावेतच बसवतो."

रतिलाल आला तो आधीच ओशाळलेला. "खरं सांगू भिकनभाऊ? मीही गोंधळलोय. विहिरीवरची पन्नास इंजिनं दुरुस्त केली असतील. विहिरीवर इंजिन एका जागी असतं, त्याला वारा नाही, प्रवाह नाही. आज मी काही खोलणार नाही. तुम्ही चालवा, मी बघतो."

दोघं पल्याड गेले, पोती घेऊन आले, परत गेले. काळा धूर दर वेळी मधल्या ओढीत निघायचा. रतिलाल मांडी घालून बघत होता. एकदा त्यानं विचारलं, "धूर अगदी कमी असतो असं कधी होतं का?"

"शीड लावं का मंग कमी," भिकन म्हणाला. "पन तवय वारा ऱ्हास ना. वारा धूरले लई जास."

रतिलाल मान हलवणार होता, तो थांबला. "शीड लावल्यावर इंजिन हळू करता?"

"नही. तसंच चालू ऱ्हास."

"आणि वारा असून शीड लावलं नाही, असं कधी झालं?"

भिकननं आठवून बघितलं. झालं होतं. श्रावणात शीडाची दोरी तुटली होती, वारा भरपूर होता आणि नाव नुसत्या इंजिनावर गेली होती. त्या दिवशी धूर होता. चांगला काळा होता. वाऱ्यानं तो लांब नेला होता, पण होता.

ते ऐकून रतिलाल उठून उभाच राहिला. "मग वारा धूर नेत नव्हता, भिकनभाऊ. वारा ओझं नेत होता! शीड नाव ओढायचं, इंजिनाला कमी ओढावं लागायचं. काठावर पंखा सोडवला तेव्हा ओझं नव्हतंच, म्हणून रुमाल पांढरा. चढावर भरल्या गाडीचा बैल कसा धापा टाकतो, तसं हे इंजिन पाण्यात धापा टाकतंय. डिझेल जास्त खातं, ते पुरतं जळत नाही, त्याची काजळी होते."

"पन गये साल बी हाईच ओझं व्हतं," भिकन म्हणाला. त्याला थोडं समजलं होतं आणि त्यामुळं तो आणखीच गोंधळला होता.

नाव काठावर ओढली. रतिलाल वाकला आणि पंख्यावर वीत टेकली. मग विचारलं, "हा कुठला?"

"सुपडूनी सुरतथीन लया."

रतिलालनं वीत परत एकदा टेकली. जुना तुटका पंखा भिकनच्या अंगणातच पडला होता, तो आणून शेजारी ठेवला तेव्हा सांगायची गरज उरली नाही. एवढा मोठा पंखा फिरवायची त्या इंजिनाची ताकद नव्हती.

मग एकेक निघत गेलं. रतिलालनं पत्र्याची पेटी उघडली आणि आतून गरम वाफारा आला. "याचं नाक कुणी बांधलं? डिझेल जाळायला हवा नको?" ऑइलची पट्टी ओढून बघितली तर ऑइल खुणेच्या कितीतरी वर. "तुमचा निळा धूर हा बघा. जास्तीचं ऑइल जळतंय." शेवटी त्यानं लांबवलेली नळी सोडवली आणि तिच्या तोंडाला डोळा लावला. आत काजळीचा थर इतका बसला होता की जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरली होती. रतिलालनं नळी भिकनच्या पुढं धरली.

"ही मी लावली होती," तो म्हणाला. "धूर लांब जावा म्हणून लावली, आणि धूर वाढवला."

"आनि सकायना पांढरा?" भिकननं विचारलं.

"तो काही नाही. थंड इंजिन आहे. तुम्हीही सकाळी तोंडातून वाफ सोडता."

भिकन वाळूत बसला. पंखा मुलानं प्रेमानं आणला होता. पेटी बायाबापड्यांना जपायला केली होती. ऑइल इंजिनाला जपायला घातलं होतं. यातलं एकही काम वाईट बुद्धीनं झालं नव्हतं. हसावं की रडावं हे त्याला उमगेना.

जुन्या मापाचा पंखा शिरपूरला ओतून घेतला. पेटीच्या दोन बाजू काढून तिथं जाळी बसवली. ऑइल खुणेपर्यंत उतरवलं. नळी रुंद आणि सरळ, डोलकाठीच्या मागून वर काढली. संक्रांतीच्या सुमारास नाव पोत्यांनी भरून मधल्या ओढीत शिरली आणि नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली. काठावर माणसं टाळ्या पिटायला लागली. भिकन टाळ्यांकडं नाही, नळीकडंच बघत होता.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण भिकनच्या डोक्यात संपली नाही. पंखा, पेटी, ऑइल आणि नळी या चौघांतला खरा दोषी कोण? त्याला हे माहीत हवं होतं, आणि मनातून त्याला तो पंखा निघायला नको होता. एका दुपारी उतारू नव्हते तेव्हा त्यानं पेटीच्या जाळीवर गोणपाट बांधलं आणि पोती घेऊन एकटाच नदीत गेला. फिकट करडा धूर निघाला, फार नाही. गोणपाट सोडलं, गेला. दुसऱ्या दिवशी जुनी नळी साफ करून जोडली. किंचित. मग एकदा मन घट्ट करून सुपडूचा पंखा लावला. धूर आला, काळा आला, पण वऱ्हाडाच्या दिवसासारखा नव्हे.

बाजारच्या दिवशी तो रतिलालच्या दुकानात गेला आणि सगळं सांगितलं. "मंग खरा दोषी कोन?"

"पंख्याचा वाटा मोठा," रतिलाल म्हणाला. "पण एकट्या पंख्यानं एवढं झालं नसतं. चौघं मिळून झालं."

भिकनला हे पटलं नाही. भोवऱ्याखाली एक खडक असतो. नाव फुटते ती एका जागी फुटते. चौघं थोडे थोडे दोषी आणि कुणीच पुरता नाही, असं कसं चालेल? तो घरी येऊन भागाबाईला हेच सांगत बसला. ती म्हणाली, "धूर गया ना? खोकला गया ना?" खोकला गेला होता खरा.

होळीला सुपडू आला. काठावर आल्या आल्या त्याची नजर पाण्याखाली गेली. "बा, मना पंखा कोठे शे?"

भिकननं हा प्रश्न येणार म्हणून किती दिवस उत्तर जुळवलं होतं, पण ते ऐन वेळी आठवेना. "तो... तो चांगला व्हता रे. इंजिनच लहान पडनं."

सुपडू मोठ्यानं हसला. "माले वाटनंच व्हतं, बा! त्या दुकानमा लहान पंखा नव्हताच. दुकानदार म्हने, मोठा चांगला. मी म्हनं, चांगला ते चांगला." बापाच्या डोक्यावरचं केवढं ओझं आपण उतरवलं याची त्याला कल्पनाही नव्हती. तो भाजलेल्या नारळाचा तुकडा तोंडात टाकून मित्रांकडं निघून गेला.

पुढं बरीच वर्षं ती नाव चालली. आसपासच्या मळ्यांत विहिरींवर इंजिनं वाढत गेली आणि कुणाचं इंजिन काळं ओकायला लागलं की माणसं भिकनआबाला बोलवायची. तो जायचा, इंजिनासमोर उकिडवा बसायचा, धुराकडं बघायचा आणि घरच्यांना विचारायचा, गेल्या सालापासून इथं काय काय बदललंय. कधी त्यातून काही निघायचं. नाही निघालं तर तो गुडघ्यावर हात टेकून उठायचा, "माले ते समजत नही भाऊ, रतिलालले बलाव," म्हणायचा आणि चहा पिऊन नावेकडं परत जायचा.